भांडखोर मासे घरी पाळताना आणि त्यांची पिल्लं वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे पाळायला लागून मला सतरा वर्षं झाली. त्यातली बारा सिक्लिड कुळातल्या माशांबरोबर गेली. सोसायटीतली मुलं, भावाच्या ऑफिसातले लोक, कुणाकुणाचे मेहुणे असे बरेच जण फोन करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एका ठिकाणी लिहून काढले. कॉन्व्हिक्ट, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट या याच कुळातल्या माशांवर जास्त भर आहे, कारण आपल्याकडच्या दुकानांत हेच मिळतात आणि लोक न विचारता घरी आणतात तेही हेच.

हे मासे इतके का भांडतात? स्वभावच तसा असतो का?

भांडण्यामागे बहुतेक वेळा जागा असते, आणि जागेमागे पिल्लं. रोहू-कटला पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडतात आणि निघून जातात, पुढचं नशिबावर. सिक्लिड त्या मानानं फारच थोडी अंडी घालतात, पण आई-बाप दोघं मिळून (काही जातींत एकटी आई) ती राखतात आणि पिल्लं निघाल्यावरही त्यांच्यामागे फिरतात. राखण करायची तर स्वतःची हद्द हवी. हद्दीत जो येईल त्याला हाकलायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथंच मिटतं. काचेच्या पेटीत त्याला पळायला जागा नसते, म्हणून तो मार खात राहतो आणि शेवटी मरतो. मासा नदीतही असाच वागतो. पळायची वाट आपण बंद केलेली असते, त्यामुळे ती सोय करणं आपल्याकडे लागतं.

हे कुळ परकं आहे असंही समजू नका. कोकणात आणि गोव्यात खाडीत मिळणारं काळुंदर हे सिक्लिडच. केरळचं करीमीन म्हणजे हाच मासा. भारतातल्या मूळच्या सिक्लिडांच्या तीन जाती आहेत, त्यातली ही सगळ्यात मोठी. खाडीच्या उथळ पाण्यात पिल्लांच्या थव्यावर पहारा देणारी काळुंदरची जोडी ज्यानं एकदा पाहिली, त्याला वरचा प्रश्न पडत नाही.

पहिल्यांदाच घेतोय. कोणता मासा घेऊ?

कॉन्व्हिक्ट. बरेच दुकानदार त्याला झेब्रा सिक्लिड म्हणतात. राखाडी अंगावर काळे उभे पट्टे. मूळचा मध्य अमेरिकेतल्या ओढ्यानद्यांतला. नर जास्तीत जास्त बारा-पंधरा सेंटिमीटर होतो, मादी त्याहून लहान. काटक, कसल्याही पाण्यात जुळवून घेणारा, आणि आई-बापाची माया बघायची असेल तर याच्याइतका मोकळेपणानं ती दाखवणारा मासा मी दुसरा पाहिला नाही. आकार लहान म्हणून गरीब समजू नका. अंड्यांवर बसलेली कॉन्व्हिक्टची मादी माझ्या हाताला अनेकदा चावली आहे.

ऑस्करनं सुरुवात करू नका. दुकानात तो दोन बोटांएवढा असतो, डोळे टपोरे, माणसाकडे बघत काचेपाशी येतो. वर्ष-दीड वर्षात तो फूटभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. घेण्याआधी दहा वर्षांनी आपण कुठल्या घरात असू याचा विचार करा.

टँक केवढा लागेल?

एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब जमतो. कॉन्व्हिक्टच्या जोडीला तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे १३० लिटरच्या आसपास. एकट्या ऑस्करला किंवा एकट्या फ्लॉवरहॉर्नला चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे २५० लिटर. ऑस्करची जोडी ठेवायची तर पाच-सहा फूट लांबी हवी. दुकानदार उंच टँक दाखवतो कारण तो हॉलमध्ये शोभून दिसतो, पण माशाची हद्द तळावर आखलेली असते. लांबी-रुंदी मागा, उंची सोडा.

चार फुटी टँक पाणी, काच, रेती आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या वर जातो. तो भिंतीलगत, शक्यतो बीमच्या वर ठेवा. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी जाणकाराला विचारून घ्या. आणि झाकण घट्ट हवं. हे मासे उडी मारतात.

नवीन टँकमध्ये मासे चार दिवसांत मरतात. दुकानदार म्हणतो पाणी बदला, बदललं तरी मरतात.

सगळ्यात जास्त मासे यातच जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया सुटतो. तो विषारी. काही जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात, तो बराच निरुपद्रवी, आणि आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातो. हे जिवाणू बाटलीभर पाण्यात नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर बसतात, आणि त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असलं तरी या काळात ते विषारी असू शकतं.

सोपा उपाय असा, की ज्याचा टँक जुना आणि निरोगी आहे अशा मित्राकडून वापरलेला स्पंज फिल्टर मागून आणा. ओल्या पिशवीत आणा, वाळू देऊ नका. तो नव्या टँकमध्ये लावला की अर्धं काम होतं. मग एखादा लहान मासा सोडून, चिमूटभर खाणं घालून पुढे जा. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की पुरे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, आणि मग जुन्या टँकमध्येही मासे धडाधड जातात.

मासे मरण्याचं दुसरं कारणही क्लोरीनच. महापालिकेचं पाणी अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय थेट घालू नका. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं तेव्हा क्लोरीनचा वास घरातही जाणवतो. तेव्हा जास्तच सांभाळा.

बोअरचं पाणी चालेल का?

कॉन्व्हिक्टला खुशाल चालतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडांना तर क्षारांचं पाणीच लागतं. ऑस्करही निभावून नेतो. फक्त टँकर, बोअर आणि नळ असा फेरफार दर आठवड्याला होऊ देऊ नका. पाणी कोणतंही असो, ते एकसारखं राहिलं पाहिजे.

नर-मादी कशी ओळखायची?

कॉन्व्हिक्टमध्ये इतर माशांच्या उलट आहे. मादी जास्त रंगीत. चार-पाच सेंटिमीटरची झाली की तिच्या पोटावर केशरी-तांबूस खवले चमकायला लागतात. नर राखाडी, मोठा, त्याच्या पाठीचा आणि पोटाखालचा पर मागे टोकदार होत जातो. पांढऱ्या-गुलाबी जातीतही मादीच्या पोटावरचा केशरी रंग दिसतो. ऑस्करमध्ये मात्र बाहेरून काहीच कळत नाही. अंडी घालायच्या वेळी खालची नळी बाहेर येते तेव्हाच खरं ओळखता येतं. दुकानात कुणी खात्रीनं ऑस्करची जोडी म्हणून विकत असेल तर तिनं पूर्वी अंडी घातली आहेत का ते विचारा.

जोडी कशी जमवायची?

एक नर, एक मादी आणून एकत्र सोडू नका. सहा लहान पिल्लं आणा, एकत्र वाढवा, त्यांचं ते जमवतात. पाच-सहा महिन्यांत एक जोडी कोपरा धरते आणि बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला रेटते. त्या दिवशी बाकीच्यांना बाहेर काढायची तयारी हवी. त्याच संध्याकाळी काढा, सकाळपर्यंत थांबू नका.

अंडी घातली. आता काय करू?

काही करू नका. हात घालू नका, टँक हलवू नका, पाहुण्यांना दाखवायला टॉर्च मारू नका.

मी टँकमध्ये एक नळीचं कौल उपडं ठेवतो. गावच्या घराचं छप्पर बदललं तेव्हा दहा-बारा उचलून आणली होती. मातीची कुंडी आडवी ठेवली तरी चालते. मादी आत शिरून उलटी होते आणि कौलाच्या पोटाला ओळीनं अंडी चिकटवते, नर मागून येऊन ती फळवतो. शंभर ते तीनशे अंडी असतात, बाजरीच्या दाण्याहून जराशी लहान, मधाच्या रंगाची. पांढरी पडतात ती वाया गेलेली, मादी ती स्वतः वेचून काढते. २६-२८ अंश तापमानाला तीन दिवसांत अंडी फुटतात. निघालेली पिल्लं पोहू शकत नाहीत, नुसती शेपूट वळवळवत पडून राहतात, पोटाला बलकाची पिशवी असते. आई-बाप रेतीत खड्डा करतात आणि तोंडात भरून त्यांना तिथं नेतात. रात्रीतून खड्डा बदलतातही. सकाळी पिल्लं दिसली नाहीत तर ती खाल्ली असं लगेच समजू नका, कौलाच्या मागचा कोपरा बघा.

अंडी घातल्यापासून आठव्या दिवसाच्या आसपास पिल्लं पाण्यात उचलली जातात. त्यानंतरचे तीन आठवडे मी संध्याकाळी टीव्ही लावत नाही. पिल्लांचा ढग आईच्या खाली तरंगत पुढे सरकतो. एखादं चुकार पिल्लू बाजूला गेलं की आई जाते, ते तोंडात घेते, वळते आणि ढगाच्या मध्यावर हळूच फुंकून सोडते. ते पिल्लू लगेच बाकीच्यांत मिसळतं. अंधार पडायच्या आधी दोघं मिळून एकेक उचलून सगळ्यांना खड्ड्यात परत आणतात. कधी आई परांनी तळाची रेती ढवळते आणि उठलेल्या गाळात पिल्लं तुटून पडतात. कधी मोठा दाणा चावून भुगा करते आणि त्यांच्यावर सोडते.

खायला पहिले दहा दिवस नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं) सगळ्यात चांगली. मिठाच्या पाण्यात एअर पंप लावून ठेवलं की दीड दिवसात निघते. नाही जमलं तर माशांचं खाणं बोटांत चुरून अगदी पीठ करून दिवसातून तीन-चारदा चिमूटभर. उकडलेल्या अंड्याचा बलक लोक सुचवतात. मी देत नाही, कारण त्यानं पाणी एका दुपारीत नासतं. फिल्टर फक्त स्पंजचा ठेवा. पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर सगळी पिल्लं आत ओढली जातील. रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदला, तेही त्याच तापमानाचं.

पहिल्या वेळी बरीच जोडपी अंडी खातात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शिकतात. त्यांना वेळ द्या.

नर मादीला मारतोय. थांबू की वेगळं करू?

पर पसरणं, कल्ले फुगवणं, शेपटीनं पाणी मारणं, तोंडात तोंड घालून ओढणं यात बरंचसं एकमेकांची ताकद जोखणं असतं. ते दहा-पंधरा मिनिटांत संपतं. पण मादी वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे तिरकी उभी राहत असेल, खायला खाली येत नसेल, पर फाटलेले असतील, तर वाट बघू नका.

हे मी एक मासा गमावून शिकलो. माझ्याकडे फ्लॉवरहॉर्नचा नर होता, त्याच्यासाठी मादी आणली. मध्ये जाळी लावून दोन आठवडे ठेवली. दोघं जाळीपाशी एकमेकांसमोर डोलत होते, मादीची नळी दिसत होती. एका रविवारी दुपारी मी जाळी काढली, अर्धा तास बसून बघितलं, सगळं नीट वाटलं, आणि पाहुणे आले म्हणून उठलो. परत आलो तर ती कडेला पडली होती, एका बाजूचे खवले पूर्ण सोललेले. वेगळ्या टाकीत घेतली, मीठ टाकलं, पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी गेली. तिला मीच त्याच्यासमोर सोडलं होतं आणि राखायला थांबलो नव्हतो. तेव्हापासून फ्लॉवरहॉर्नची जाळी मी काढतच नाही. जाळीची भोकं मोठी ठेवायची, मादीनं जाळीजवळच्या सपाट फरशीवर अंडी घातली की नराकडून येणाऱ्या पाण्यातून ती फळतात. सगळी फळत नाहीत, पण मादी जगते.

कॉन्व्हिक्टच्या टँकमध्ये मादीला जेमतेम शिरता येईल आणि नराला येणार नाही असं एक बीळ ठेवा. मोठा टँक असेल तर वरच्या थरात चपळ लहान माशांचा थवा ठेवला तरी नराचं लक्ष वाटलं जातं. जखमी माशाला शांत, अंधारी जागा, स्वच्छ पाणी, आणि लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ. एवढ्यानं फाटलेले पर भरून येतात. लगेच औषधांच्या बाटल्या ओतू नका.

फ्लॉवरहॉर्न लकी असतो ना? त्याची पिल्लं का होत नाहीत?

फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीतला मासा नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या जातींचा संकर करून तो तयार झाला. संकरामुळे बरेच नर वांझ असतात. मादी अंडी घालते, नर त्यांच्यावरून फिरतो, आणि दोन दिवसांत सगळी पांढरी पडतात. त्यात तुमची चूक नसते. पिल्लं हवी असतील तर आधी पिल्लं झालेला नरच शोधावा लागतो.

डोक्यावरचा उंचवटा आणि अंगावरची अक्षरासारखी नक्षी यांच्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. घरात भरभराट येते म्हणून कुणी घेत असेल तर माझी हरकत नाही, फक्त त्याला चार फूट जागा आणि दर आठवड्याला ताजं पाणी द्या. रिसेप्शनच्या टेबलावर दोन फुटी पेटीत वळताही न येणारा फ्लॉवरहॉर्न बघितला की माझा जीव तुटतो.

आमचे पॅरट मासे दर महिन्याला अंडी घालतात, पण पिल्लं नाहीत.

तीच गोष्ट. तोही संकर, आणि त्याचे नर जवळपास सगळे वांझ. अंडी पांढरी पडली की काढून टाका.

ऑस्कर एका कुशीवर पडून राहतो. मरतोय का?

टँक बदलला, सजावट हलवली, बरंच पाणी एकदम बदललं, तर ऑस्कर रुसल्यासारखा आडवा पडतो. कल्ले शांत हलत असतील तर एक-दोन दिवसांत उठतो. कल्ले जोरात चालत असतील किंवा तो वर येऊन हवा गिळत असेल तर मात्र लगेच पाणी तपासा.

जिवंत मासे खायला घालू का? मुलांना बघायला आवडतं.

नको. दुकानातले स्वस्त गप्पी आणि गोल्डफिश गर्दीत ठेवलेले असतात, त्यांच्याबरोबर रोग येतात. नुसत्या गोल्डफिशवर वाढवलेल्या माशाला बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. गटारातून काढलेले ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडेही टाळा. चांगल्या प्रतीचे दाणे, आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा सोललेली कोळंबी, आणि ऑस्करला कधी उकडलेले मटारचे दाणे. मटणाचे तुकडे देऊ नका, ती चरबी माशाला पचत नाही.

मलावीचे रंगीत मासे एकत्र ठेवता येतात म्हणे?

येतात, पण त्यांची रीत वेगळी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांतले हे मासे मुद्दाम दाटीनं ठेवतात, म्हणजे एकाच बिचाऱ्यावर सगळा मार पडत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या, भरपूर दगड, दणकट फिल्टर. मादी अंडी तोंडात धरते आणि तीन आठवडे न खाता फिरते. तिचा गळा फुगलेला दिसला की तिला हलक्या हातानं वेगळ्या टाकीत घ्या. खाणं शेवाळाचं, स्पिरुलिनाचं. जास्त मांसाहार दिला की यांची पोटं फुगतात.

फायटरबद्दल काही?

तो सिक्लिड नाही, पण भांडखोर आहेच. थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, मादीला विळखा घालतो, खाली पडणारी अंडी तोंडात वेचून घरट्यात ठेवतो. अंडी घालून झाली की मादीला लगेच काढा, पिल्लं आडवी पोहायला लागली की नराला.

दोन नर एका बरणीत सोडून झुंज बघणारी मुलं मला भेटतात. मोठेही भेटतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणं गुन्हा आहे, आणि त्यात मासाही आला. पण कायदा बाजूला ठेवला तरी मुलाला एकदा जवळ बसवून घरटं बांधणारा नर दाखवा. तो पुन्हा झुंज मागत नाही.

वीज गेली तर?

बॅटरीवरचा एअर पंप घरात असूच द्या. फिल्टर चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर सुरू करण्याआधी आतलं साचलेलं पाणी ओतून द्या. उन्हाळ्यात धोका जास्त, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. थंडीत टँकभोवती चादर गुंडाळली तरी रात्र निघते.

दोनशे पिल्लं झाली. आता ती कुणाला द्यायची?

हा प्रश्न जोडी लावायच्या आधी विचारा. कॉन्व्हिक्ट इतका सहज वाढतो की दुकानदार फुकटही घ्यायला तयार नसतात. महिन्याभरात आई पुन्हा अंडी घालायला तयार होते आणि आधीच्या पिल्लांना स्वतःच हाकलायला लागते. माझा नेम असा आहे, की वर्षातून एकच वीण वाढवायची, तीही घेणारे ठरले असतील तर. बाकीच्या वेळी पहिल्याच दिवशी कौल बाहेर काढायचं. कठोर वाटतं, पण चाळीस लिटरमध्ये दोनशे पिल्लं एकमेकांना कुरतडत मरण्यापेक्षा ते बरं.

आणि नदीत, तलावात, विहिरीत, गणपती विसर्जनाच्या हौदात मासे सोडू नका. दया म्हणूनही नको. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिकचा तिलापिया हाही सिक्लिडच, पिल्लं तोंडात सांभाळणारा. आज आपण त्याला चिलापी म्हणतो आणि उजनीच्या जाळ्यात तोच भरून येतो. आई-बापाची जी राखण आपण काचेबाहेरून कौतुकानं बघतो, तिच्याच जोरावर हे कुळ नव्या पाण्यात पाय रोवतं आणि तिथल्या मूळ माशांची जागा घेतं. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा मासा सापडला, तो मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथला नव्हे. मासा नको झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नाहीतर मला फोन करा.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय. मासे उपाशी राहतील का?

मोठे सिक्लिड आठवडाभर न खाता आरामात राहतात. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिवा टायमरवर लावा, हीटर तपासा. शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका, ते प्रेमानं मूठभर घालतात आणि परत येईपर्यंत टँक नासलेला असतो. द्यायचंच असेल तर एका वेळचं खाणं कागदाच्या पुडीत बांधून, वर वार लिहून, दोनच पुड्या द्या. पिल्लं असतील तर मात्र घरात कुणीतरी थांबावं लागतं. आमच्याकडे पिल्लं होती त्या वर्षी मी थांबलो होतो.